काकूंची सीट

इमारतीत दोन माणसांचं वाजलं की तिसरा जाऊन समेटकाकांची बेल दाबायचा. पाण्याची टाकी, गाडी लावायची जागा, वरच्या मजल्यावरून खालच्या वाळवणावर टपकणारे ओले कपडे. विषय कुठलाही चालायचा. काका चष्मा पुसत यायचे, दोघांचंही मान डोलावून ऐकायचे, "तुमचंही बरोबर आहे" असं दोघांनाही सांगायचे, आणि थोड्या वेळाने भांडणारे दोघे त्यांच्याच घरी चहा पीत बसलेले असायचे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पोस्टमनखेरीज ते कुणी वाचत नसे.

नोकरीतही तेच. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या तक्रार विभागात त्यांनी उभी हयात काढली. बंद पडलेल्या पंपाचं गिऱ्हाईक तावातावाने यायचं. काका त्याला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, घरच्यांची चौकशी करायचे. पंप होता तसाच राहायचा, पण गिऱ्हाईक निवून परत जायचं. "पंप दुरुस्त करायला मिस्त्री आहेत, माणूस दुरुस्त करायला हे आहेत," असं त्यांचे साहेब चारचौघांत म्हणत. काकांना त्याचं मोठं भूषण वाटे.

त्यांच्या समेटाची एक रीत होती. ती इतर कुणाला कळली नव्हती आणि खुद्द काकांनाही नव्हती. दोन पक्षांपैकी जो आपला, त्याला आधी गप्प करायचं. परका वाकत नाही, आपला वाकतो. मुलगी लहान असताना शाळेतल्या बाईंनी तिला दुसऱ्याच मुलीच्या खोडीसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं. काका शाळेत गेले ते मुलीलाच माफी मागायला लावून आले. धाकट्या भावाचा शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद झाला. काकांनी मध्यस्थी केली आणि भावाचं कुंपण हातभर आत सरकलं. दर वेळी सगळीकडे शांत झालं. त्या शांततेचं ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं, ते वळून पाहायची वेळ काकांवर आली नव्हती. ती आणली काकूंच्या गाडीने.

गाडी काकूंची म्हणायची, कारण ती चालवायच्या काकूच. काकू पडदे शिवायच्या. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड दाखवायचं, शिवून न्यायचं आणि स्टुलावर चढून स्वतः टांगून द्यायचं. एवढा सगळा पसारा बसमधून नेता नेता हात भरून यायचे, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. परीक्षा घेणाऱ्या माणसाने शेरा मारला होता, "बाई, तुम्ही फारच नियमाने चालवता." उंची मात्र बेताची. गाडीत बसल्या की आधी सीटखालचा दांडा उचलून सीट पुढे ओढायच्या, पार शेवटच्या खाचेपर्यंत. तरी मान उंच करावी लागायची.

"लांबून पाहिलं की गाडी एकटीच चाललीय असं वाटतं," काका म्हणायचे.

"मग लांबून कशाला पाहता? जवळ येऊन बसा," काकू म्हणायच्या.

नवी गाडी घेतली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. एक दिवस काकू घरी आल्या त्या पर्स हातात तशीच धरून सोफ्यावर बसल्या.

"अहो, गाडी मध्येच गेली."

"गेली? कुठे गेली?"

"गेली म्हणजे मेली. वळणावर होते. समोरचे सगळे काटे खाली पडले, दिवे विझले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मी ब्रेक मारेपर्यंत सगळं आपोआप परत आलं. जसं काही झालंच नाही."

वॉरंटी होती. दोघे शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काचेचा मोठा हॉल, कोपऱ्यात कॉफीचं मशीन, काउंटरमागे टाय लावलेला उंचापुरा हसतमुख माणूस. तक्रार लिहून घेणं, गाडी आत पाठवणं आणि गिऱ्हाईक सांभाळणं हे त्याचं काम. काकांना तो पाहताक्षणी आवडला. त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं. आपल्याच घराण्यातला माणूस भेटावा तसं काकांना झालं.

मेकॅनिकने गाडीला मशीन जोडलं, एक फेरी मारून आणली आणि अंगठा वर केला. काही नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा गेली, चौकात. पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा मशीन, पुन्हा अंगठा. टायवाला समजावून सांगायचा, "मॅडम, अधूनमधून होणारा फॉल्ट म्हणजे कसं असतं, तो आमच्यासमोर व्हायला हवा. दिसल्याशिवाय कंपनी आम्हाला पार्ट देत नाही."

"त्याला मी काय आमंत्रण देऊ?" काकू म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी इमारतीच्या फाटकातून आत वळताना स्टिअरिंग जड झालं आणि गाडीचा पुढचा कोपरा खांबाला घासला. लोक गॅलरीत आले. काकू खाली उतरून खांबाकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा तोच अंगठा. काकू काउंटरपासून चार खुर्च्या सोडून भिंतीशी बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन. टायवाला काकांकडे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"साहेब, रागवू नका हं. आमच्याकडे सगळे पार्ट मिळतात. पण स्टिअरिंग आणि सीट यांच्या मधला पार्ट कंपनी पाठवत नाही."

काका हसले.

नुसतं ओठातल्या ओठात नाही, चांगलं खांदे हलवून हसले. चौतीस वर्षं काउंटरच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला असले विनोद लगेच कळतात. हसता हसताच त्यांनी "आता तक्रार नाही" या ओळीखाली सही केली. टायवाल्याने कागदासोबत पेनही त्यांनाच देऊन टाकलं. मान वळवली तेव्हा काकू त्यांच्याकडे पाहत होत्या. एवढ्या अंतरावर ऐकू गेलं नसेल, असं काकांनी स्वतःला सांगितलं. पण हसणं ऐकू जावं लागत नाही, नुसतं दिसलं तरी पुरतं.

बाहेर आल्यावर काकूंनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "आजपासून तुम्हीच चालवा."

"अगं, तसं काही नाही..."

"असू दे."

भांडण नाही, आदळआपट नाही. काकांना हवा तसा समेट झाला होता.

काका गाडी चालवू लागले. बसल्याबरोबर सीट मागे ढकलायची, आरसा वर करायचा आणि निघायचं. गाडीने एकदाही दगा दिला नाही. काका खाली गाड्यांपाशी कुणी भेटलं की सांगायचे, "माझ्या हातात कशी गुमान चालते बघा." भेटलेला माणूस समजल्यासारखी मान हलवायचा. चार दिवसांत इमारतभर झालं, की काकूंना आता झेपत नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी तर प्रेमाने सांगितलं, "कशाला या वयात जिवाला घोर? आराम करा." काकू पुन्हा कापडाचे गठ्ठे घेऊन बसथांब्यावर उभ्या राहू लागल्या.

एकदा कापड कापता कापता त्यांनी कात्री खाली ठेवली.

"अहो, एक विचारू? गाडीत काही नाही म्हणतात ना सगळे. मग माझ्यातच असेल का?"

"म्हणजे?"

"मावशीला व्हायचं तसं. ती बोलता बोलता दोन क्षण जायची आणि परत यायची. तिला वाटायचं, तीच ठीक आहे आणि बाकीचेच थांबले होते. मलाही तसंच होत असेल, आणि मी म्हणतेय गाडी गेली. उद्या कुणाच्या अंगावर घातली असती तर?"

काकूंनी डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. काकांना वाटलं, बरंच झालं, एकदा तपासून घेतलेलं बरं. हे वाटलेलं त्यांना पुढे फार दिवस टोचत राहिलं.

डॉक्टरांकडे जायच्या दोन-तीन दिवस आधी एका गिऱ्हाइकाचे जाड पडदे पोचवायचे होते. गठ्ठा एवढा मोठा, की मागच्या सीटपुढे आडवा घातला तरी मावेना. काकांनी पुढची सीट सरकवत सरकवत पार पुढे आणली, गठ्ठा कसाबसा कोंबला आणि गुडघे स्टिअरिंगला टेकवून, अंग चोरून निघाले. मनात म्हणालेही, ही रोज अशी बसते तरी कशी? बाजारच्या वळणावर एक स्पीडब्रेकर होता. गाडी त्यावरून खाली आली आणि समोर सगळं अंधारलं. काटे पडले. स्टिअरिंग हातात दगडासारखं झालं. मागून ट्रक हॉर्न मारत आला, काकांचे हात जागच्या जागी गोठले, आणि तेवढ्यात सगळं परत आलं. काटे वर आले, दिवे लागले, रेडिओवर बाई मघाचं गाणं पुढे म्हणू लागली.

काकांनी गाडी कडेला घेतली. जीव वाचला याचा आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे आल्या त्या काकू, कात्री खाली ठेवून "मग माझ्यातच असेल का?" विचारणाऱ्या. हा दगड त्यांनी तीन वेळा एकटीने वळवला होता. आणि तिसऱ्या वेळेनंतर आपण काय केलं होतं? हसलो होतो.

सरळमार्गी माणसाने तिथूनच घरी फोन केला असता. काकांनी केला नाही. घरी सांगायचं म्हणजे ते हसणं बाहेर काढायचं. त्यापेक्षा गाडी परस्पर दुरुस्त करून आणावी, मग हळूच सांगावं, असा त्यांनी समेट काढला. या वेळी तो स्वतःशीच होता. पडदे पोचवले, सीट मागे ढकलली आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठलं.

"साहेब, तुम्हीच तर म्हणालात तक्रार नाही," टायवाला गोड हसून म्हणाला. "सही आहे तुमची."

"अहो, पण आज माझ्या हातात झालं."

"एकदा ठोकली ना गाडी खांबाला? त्याने सैल झालं असेल काहीतरी. मग ते वॉरंटीत बसत नाही. तरी तुमच्यासाठी बघतो." मेकॅनिकने फेरी मारली. अंगठा वर.

काकांनी वाद घातला नाही. घरी लपवून आलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. घरी काकू पडद्यांना कड्या लावत होत्या. "पोचवले का?" त्यांनी विचारलं. "हो," काका म्हणाले, आणि जेवण होईपर्यंत त्यांची नजर चुकवत राहिले. तो दिवस तसाच गेला. पुढचाही गेला.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बाकं होती आणि भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती, जणू परीक्षेला आल्या होत्या. शेजारी बसलेल्या काकांना त्या हळू आवाजात सूचना देत होत्या. "मला काही निघालं, तर मुलीला एवढ्यात सांगू नका. आणि शिवणाचं मशीन विकायचं नाही, ते पायाने चालतं, ते जमेल मला." मदतनीस दार उघडून म्हणाली, "पुढचे कोण?" काकू उठल्या.

"थांब," काका म्हणाले.

"काय झालं?"

"तुला काही नाही. गाडीला आहे. माझ्या हातात झालं, परवा. तू सांगितलंस अगदी तसंच."

काकू उभ्याच राहिल्या. "परवा?"

"हो."

"परवा झालं, आणि हे मला तुम्ही आत्ता सांगताय? डॉक्टरांच्या दारात?"

आजूबाजूच्या लोकांनी मासिकांमागून कान टवकारले. काका खाली बघून म्हणाले, "तुझंही बरोबर होतं गं."

"माझंही? आणखी कोण बरोबर होतं?"

काकांनी आयुष्यभर वापरलेलं वाक्य त्यांच्याच तोंडावर येऊन आपटलं होतं. काकूंनी मदतनिसाला हाताने "जाऊ द्या पुढच्यांना" अशी खूण केली आणि बाकावर बसल्या, काकांपासून थोडं अंतर ठेवून. त्यांची नजर मेंदूच्या चित्रावर गेली. मग एकदम म्हणाल्या,

"परवा जाड पडदे होते ना? गठ्ठा कुठे ठेवला होता?"

"मागे. आडवा."

"मग सीट पुढे घेतली असेल तुम्ही."

"घ्यावीच लागली. पार पुढे."

"आणि तो मेकॅनिक गाडीत बसला की आधी काय करतो?"

काकांनी डोळे मिटले. त्यांना तो दिसला. दार उघडायचं, दांडा उचलायचा, सीट धाडकन मागे. तसंच ते स्वतःही. काकूंची गाडी सगळ्यांनी चालवून पाहिली होती, पण तपासताना काकूंच्या जागेवर बसून एकानेही नाही.

तिथूनच दोघे सर्व्हिस सेंटरला गेले. उतरल्यावर काकूंनी सीट पार पुढच्या खाचेत ओढून ठेवली. काकू काउंटरशी जाऊन उभ्या राहिल्या, या वेळी भिंतीशी बसल्या नाहीत.

"तुम्ही स्वतः चालवायची. सीट आहे तिथेच ठेवून."

टायवाल्याने पुढच्या खाचेतली सीट पाहिली आणि स्वतःची उंची आठवली. "मॅडम, मी मावणार नाही हो त्यात." आवाज ऐकून आतून मॅनेजर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, खुर्ची दिली, पाणी मागवलं. "असं करू या," ते म्हणाले. "तुमचंही बरोबर आहे. पण मशीनमध्ये काही दिसत नाही, गाडी खांबाला लागलेली आहे, साहेबांची सहीपण आहे. आपण मधला मार्ग काढू. आम्ही गाडी आतून-बाहेरून फुकट चकाचक करून देतो, आणि मॅडमनी सीट थोडी मागे घेऊन चालवायची. म्हणजे प्रश्नच मिटला."

"आणि पाय कुणाचे लावू? तुमचे?" काकू म्हणाल्या.

मॅनेजरनी काकांकडे पाहिलं, समजूतदार माणसाने समजूतदार माणसाकडे पाहावं तसं. तिथला प्रत्येक शब्द काकांच्या ओळखीचा होता. खुर्ची, पाणी, मधला मार्ग. पंपवाल्यांना ते हेच देत आले होते. आणि आता अख्खी खोली त्यांची वाट पाहत होती, की ते बायकोकडे वळतील आणि म्हणतील, अगं, जाऊ दे.

"नाही," काका म्हणाले. आवाज चिरका निघाला, सवय नव्हती. "सही मी केली, कारण मी हिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. गाडी मी पाहिली नव्हती आणि तुम्हीही पाहिली नाहीत. सीट तिथेच राहील. तुमचा हा माणूस चालवेल. त्याशिवाय मी इथून हलणार नाही." आणि ते काउंटरवर हात ठेवून उभे राहिले.

मॅनेजरनी खांदे उडवले. टायवाला आधी एक पाय, मग दुसरा असा घडी होत होत गाडीत शिरला. गुडघे कानाशी आले, टाय स्टिअरिंगमध्ये अडकला, तो त्याने खांद्यावरून मागे टाकला. शेजारी काका, मागे काकू. गाडी आवारातून निघाली. पहिली फेरी काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत फाटकाच्या उंचवट्यावरून गाडी खाली आली, रस्त्याकडे वळू लागली आणि काटे पडले.

"आई गं!" टायवाला ओरडला. दोन्ही हातांनी त्याने स्टिअरिंग ओढलं, ते हलेना. ब्रेक लागला, गाडी रस्त्याच्या तोंडाशी गचकन थांबली, आणि दिवे परत आले.

मागून काकू शांतपणे म्हणाल्या, "मधला पार्ट बदलून बघा."

टायवाल्याचे कान लाल झाले. काकांनी मागे वळून पाहायचं धाडस केलं नाही. म्हणजे तिने ऐकलं होतं. विनोद ऐकला होता, हसणंही ऐकलं होतं, आणि तरी इतके दिवस त्यांना वाढत होती, त्यांचे शर्ट इस्त्री करून ठेवत होती, आणि दोष आपल्या डोक्यात शोधत होती.

सीट काढल्यावर गाडीचं दुखणं उघड्यावर आलं. कारखान्यात कुणीतरी वायरींची जाड मोळी बांधायची पट्टी चुकीच्या जागी आवळली होती, गाडीच्या तळाऐवजी सरकत्या सीटच्या पायाला. सीट मागे असली की वायर सैल. वर्षभर ताण सोसून जोड ढिला झाला होता, म्हणून सीट पार पुढे गेली की वायर जोडातून अर्धी निघायची, आणि धक्का बसला की गाडीचा जीवच जायचा. मॅनेजरनी फोटो काढून कंपनीला पाठवले. सगळं वॉरंटीत बसलं, खांबाला घासलेला कोपरासुद्धा. टायवाला काकांजवळ येऊन म्हणाला, "सॉरी, साहेब."

"मला नको. त्यांना म्हणा."

तो गेला आणि काकूंसमोर मान खाली घालून उभा राहिला. काका पाहत राहिले. त्याला ते किती सोपं गेलं! एक शब्द, दोन पावलं. काकांना मात्र घरात रोज ती पावलं टाकायची होती आणि पडत नव्हती. सकाळी चहाचा कप घेताना वाटायचं, आता म्हणावं. मग काकू पेपर उघडायच्या.

गाडी तयार झाल्याचा फोन आला तेव्हा दोघे सर्व्हिस सेंटरला गेले. काका आधी गाडीपाशी पोचले. धुऊन पुसून उभी केलेली गाडी, आणि सीट अर्थातच कुणीतरी मागे ढकललेली. काका वाकले, दांडा उचलला, सीट पुढे ओढली. मग थांबले. पार शेवटच्या खाचेत, की एक अलीकडे? आरसा किती खाली? या बाईशेजारी इतकी वर्षं बसलो, आणि ती नेमकी कुठे बसते हे आपल्याला सांगता येत नाही. त्यांनी अंदाजाने सीट ठेवली आणि किल्ली पुढे केली.

"मी त्या दिवशी हसलो," ते म्हणाले. "मी हसायला नको होतं. आणि त्या पडद्यांच्या दिवशीचं लपवायलाही नको होतं. चुकलो मी."

काकूंनी किल्ली घेतली. "हो," त्या म्हणाल्या. "चुकलातच."

"जाऊ दे" म्हणाल्या नाहीत, "असू दे"ही म्हणाल्या नाहीत. काका वाट पाहत उभे राहिले आणि मग त्यांना कळलं, की ते वाट कशाची पाहताहेत. आपलं माणूस वाकण्याची.

काकू गाडीत बसल्या, दांडा उचलला आणि सीट अजून एक खाच पुढे ओढली. आरसा खाली केला. मग मान उंच करून काचेतून काकांकडे पाहिलं.

"आता तिथेच उभे राहून लांबून पाहणार आहात का?"

काका वळसा घालून आले, दार उघडलं आणि शेजारी बसले. फाटकाचा उंचवटा आला तसं त्यांनी नकळत छतालगतची कडी घट्ट धरली. काकूंनी ते पाहिलं. गाडी उंचवट्यावरून खाली उतरली, रस्त्याकडे वळली, काटे जागच्या जागी राहिले. काकांनी कडी सोडली नाही, आणि काकूंनीही सोडा म्हटलं नाही.